ज्वारीची खोली

“ती काय हितं जन्मभर ऱ्हाणार हाय व्हय? आज हाय, उद्या दुसऱ्याच्या घरची. ज्वारीला मातूर बारमाही जागा लागती, दाजी.”

मामा हे म्हणाले तेव्हा ते बाहेर कट्ट्यावर बसले होते आणि मी त्यांच्या अगदी पायाखाली, तळघरात. मामा म्हणजे अव्वाचे, माझ्या आईचे, थोरले भाऊ. मंद्रूपला त्यांची शेती. दाजी म्हणजे माझे वडील, त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो. आणि ‘ती’ म्हणजे मी.

अप्पांच्या तोंडात पान असावं. ते सावकाश म्हणाले, “बघू की. इंजिनिअरला विचारू.”

अप्पा ‘बघू की’ म्हणाले की ती गोष्ट समोरच्याच्या मनासारखी झाली, असं आमच्या घरात सगळे धरून चालत.

मी पुस्तकाचं पान उलटलं. आधीचं पान वाचून झालं नव्हतं, पण हाताला काहीतरी करायला हवं होतं.

आमचं जुनं घर पेठेत होतं. दोन्ही बाजूंच्या घरांना भिंती चिकटलेल्या, समोर अरुंद गल्ली. मागच्या बाजूला तेलुगू लोकांचे माग. त्यांची खटखट दिवसभर चालायची आणि आम्हाला ती ऐकूच यायची नाही. थांबली की मात्र घरातलं कुणीतरी मान वर करून विचारायचं, “वीज गेली काय?” स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जमिनीला एक जाड लाकडी झाकण होतं. ते उचललं की दगडी पायऱ्या लागत आणि त्या उतरलं की तळघर.

तिथं ज्वारीच्या कणग्या होत्या, शेणानं सारवलेल्या, माझ्या खांद्याला येतील एवढ्या. गुळाच्या ढेपा, चिंचेचे गोळे, वर्षाच्या मिरच्या, लग्नकार्यातच बाहेर निघणारी मोठाली पातेली आणि एका भिंतीशी वाकळांची चवड. सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना त्या जागेची किंमत सांगायला नको. वर फरशी पायाला चटके द्यायची आणि खाली, झाकणाखालच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच, अंगावर ओला पदर पडल्यासारखं वाटायचं. दुपारची जेवणं उरकली की अव्वा आणि शेजारच्या दोघी-तिघी खाली येऊन आडव्या व्हायच्या. कानडीत हळू हळू बोलत राहायच्या, मग एकेक आवाज थांबायचा. त्यांच्या त्या झोपेत जाणाऱ्या बोलण्याची आठवण आली की मला अजून डोळ्यांवर झापड येते. आता आम्ही विजापूर रोडला राहतो. खिडक्या मोठ्या आहेत, वारा येतो, वैशाखात तो वाराही भट्टीतला येतो. अव्वा जाड पडदे ओढून घेते आणि म्हणते, “तळघर ते तळघर.”

बाकीच्या वेळी ती जागा माझी होती. कुणी दिली नव्हती. कुणाला नको होती म्हणून माझी होती. वाकळांच्या चवडीवर चढून बसलं की डोक्याशी एक झरोका यायचा. बाहेरून तो कट्ट्याच्या पायथ्याशी, गज लावलेला, वितभर उंचीचा. त्यातून उजेड यायचा, गल्लीची धूळ यायची आणि कट्ट्यावर बसलेल्यांचं सगळं बोलणं यायचं. माणसं दिसायची नाहीत, पाय दिसायचे. मामांची नाल ठोकलेली पायताणं, अप्पांची मऊ चप्पल, माझ्या थोरल्या भावाचे, दादाचे, बूट. कोण आलंय, रागात आहे की खुशीत, किती वेळ बसणार आहे, हे मी पायांवरून ओळखायची. पुष्कळशा गोष्टी मला अशाच कळल्या. कुणी काही विचारायचं नाही, त्यामुळे उत्तर द्यायचा प्रश्न यायचा नाही. मला ते सोयीचं होतं.

अप्पांनी हौसेनं मला मिशनच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. दादा मराठी शाळेत गेला, कारण त्याला पुढं कापडाचं दुकान बघायचं होतं. मला काहीच बघायचं नव्हतं, म्हणून मला इंग्रजी. शाळेत इंग्रजी, गल्लीत मराठी, अव्वाशी कानडी. तिन्ही भाषा येत असूनही मी घुमी म्हणूनच ओळखली जायची. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा अप्पांनी विजापूर रोडला सोसायटीत प्लॉट घेतला आणि एकाएकी घरात माझ्या इंग्रजीची गरज पडली. कारण घराचा नकाशा इंग्रजीत होता.

इंजिनिअर बार्शीचा होता. नुकताच पास झालेला, शर्टाच्या खिशात दोन पेनं. त्यानं निळ्या कागदावरची प्रत आणली आणि सतरंजीवर पसरून चार कोपऱ्यांवर अप्पांच्या पानाच्या डब्यातल्या वाट्या ठेवल्या. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“वाच की,” अप्पा म्हणाले. “तुला शिकवलं कशाला?”

मी वाचलं. ड्रॉइंग. किचन. बाथ. बेड. बेड. बेड.

“या घरात झोपायचंच काम दिसतंय,” दादा म्हणाला.

पूजेसाठी इंजिनिअरनं भिंतीत एक कोनाडा काढला होता. अप्पांनी त्यावर बोट ठेवलं आणि त्याला शांतपणे समजावून सांगितलं की आमच्यात इष्टलिंगाची पूजा असते, ज्याची त्यानं करायची, जेवायच्या आधी. “आमचा देव भिंतीत बसत नाही. तळहातावर बसतो. आम्हाला बसायला जागा पाहिजे.” इंजिनिअरनं माफी मागून पेन्सिलीनं खोली केली. अव्वाला उभ्याचा ओटा नको होता. उभ्यानं भाकरी थापता येते का कधी, असं तिनं मला कानडीत विचारलं आणि मी ते मराठीत इंजिनिअरला विचारलं. त्यानं एका भिंतीशी बुटका ओटा काढून दिला. तळघराचा तर प्रश्नच नव्हता. अप्पांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं की बाकी घर कसंही करा, खाली तळघर पाहिजे.

जिन्याच्या पलीकडं, उत्तरेच्या कोपऱ्यात, एक लहान खोली होती. तिच्यावर लिहिलं होतं, स्टडी.

“म्हंजे?” मामांनी विचारलं. मामा शनिवारी आठवड्याचा बाजार करून आमच्याकडं यायचे, त्या दिवशीही होते.

“अभ्यासाची खोली,” मी म्हटलं.

“म्हणजे हिची,” दादा म्हणाला. “आमचा अभ्यास दहावीत संपला.”

सगळे हसले आणि नकाशाची गुंडाळी झाली. ती खोली तुझी, असं मला कुणी म्हटलं नाही. पण नाही असंही कुणी म्हटलं नव्हतं. त्यानंतरचे काही आठवडे मी त्या खोलीत राहिले असं म्हटलं तरी चालेल. खिडकीशी टेबल ठेवलं. ते पसंत पडलं नाही, मग भिंतीशी लावलं. फळीवर पुस्तकं उंचीप्रमाणे लावायची की आवडीप्रमाणे, यावर दोन संध्याकाळी घालवल्या. आणि दाराला आतून कडी लावली. आमच्या जुन्या घरात आतून कडी लागेल अशी दारं दोनच होती, न्हाणीघराचं आणि रस्त्यावरचं. बाकीच्या दारांना नुसते पडदे. कडी लावून आत काय करायचं होतं, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. काहीच नाही. नुसतं बसायचं होतं. आपण आत आहोत हे सगळ्यांना माहीत असावं आणि तरी कुणी आत येऊ नये, एवढंच. तळघरात मी असायची, पण मी तिथं आहे हे कुणाच्या लक्षात नसायचं. तो निराळा एकांत. मला आता हा पाहिजे होता.

मग प्लॉटवर खड्डा घेऊन पाहिला. वर हातभर मुरूम निघाला आणि खाली काळा खडक. पहारीचा आवाज बदलला तसे अप्पा वाकून बघायला लागले. इंजिनिअर म्हणाला, तळघर पाहिजे असेल तर सुरुंग लावावे लागतील. शेजारी एका निवृत्त मास्तरांचं घर नुकतंच उभं राहिलं होतं, गिलावासुद्धा ओला होता. ते कुंपणाशी येऊन हात जोडून म्हणाले, “शेठ, तेवढं करू नका. माझ्या भिंती नव्या आहेत.”

टांग्यातून घरी आल्यावर अप्पा पाय धुता धुता म्हणाले, “तळघर रद्द.”

मला तेव्हा ती मामुली गोष्ट वाटली. एक जागा जाते, दुसरी मिळते. पण अव्वा भाकरीच्या पिठाची परात घेऊन तशीच बसून राहिली. “मग ज्वारी?” ती म्हणाली.

ज्वारी म्हणजे काय ते आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळाला तेव्हा थोडाच काळ लोटला होता. रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो, ज्वारीसारखाच दाणा, मिळायचा, त्याची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशात अडकायची. मामांच्या रानात कुसळ उगवलं नव्हतं. मामी आणि पोरं तो उन्हाळा आमच्याकडं राहिली. मामा गावाकडं जनावरांपाशी असायचे, मधूनमधून यायचे. आमच्या तळघरात होती ती ज्वारी मामांच्याच रानातली, आधीच्या चांगल्या वर्षांत त्यांनी बहिणीला पाठवलेली. आपल्याच शेतातला दाणा ते आमच्या पाटावर पाव्हण्यासारखं बसून खायचे आणि भाकरी मोडताना मान वर करायचे नाहीत. एका कणगीचा तळ दिसला त्या दिवशी अव्वानं आत उतरून कोपऱ्यातले दाणे हातानं गोळा केले होते. मी ते पाहिलं होतं. त्या वर्षानंतर मामा ज्वारीबद्दल बोलायला लागले की आवाज थोडा खाली घ्यायचे.

म्हणून मामांचा राग येणं सोपं असूनही तो येत नव्हता. त्यांनी कट्ट्यावर बसून माझी खोली ज्वारीला दिली तेव्हा मला आधी वाटलं, बरोबरच आहे. मग वाटलं, पण मी? आणि मग पुन्हा तेच पान उलटलं.

थोड्या वेळानं झाकण उचललं गेलं आणि अव्वा सूप घेऊन खाली आली. तिनं कणगीतून ज्वारी काढली. तिचा हात नेहमीपेक्षा सावकाश चालत होता.

“ऐकलंस?” तिनं विचारलं.

“काय?”

“काही नाही.” तिनं सूप कमरेवर घेतलं. पायरीवर थांबून पुन्हा मागं वळली. “तुझे मामा मनानं वाईट नाहीत.”

“मी कुठं काय म्हटलं?”

“तेच,” अव्वा म्हणाली. “तू कुठं काय म्हणतेस!” आणि वर गेली.

पुढच्या आठवड्यात इंजिनिअर सुधारलेला नकाशा घेऊन आला. वाट्या पुन्हा चार कोपऱ्यांवर बसल्या. सगळे पुन्हा माझ्याभोवती.

“काय काय बदललंय, वाच,” अप्पा म्हणाले.

मी ड्रॉइंगपासून सुरुवात केली. बाथ वाचलं, पूजा वाचलं. माझी नजर आधीच उत्तरेच्या कोपऱ्यात जाऊन आली होती, तरी मी तिथवर क्रमानंच गेले. “स्टोअर,” मी वाचलं. माझा आवाज बाकीची नावं वाचताना होता तसाच होता. तेवढं मला साधतं.

“म्हणजे कोठी,” इंजिनिअर म्हणाला. “मामांच्या ज्वारीची. खिडकी लहान केलीय, उंदीर यायला नको.”

“ब्येस केलंसा,” मामा खूष होऊन म्हणाले. मग माझ्याकडे बघून, “आन् तू आईसंगं झोपतीस न्हाई का? अभ्यास काय, कुटं बी होतोय. आमचं पोरगं झाडाखाली करतंय की.”

“व्हय,” मी म्हटलं. मामांशी बोलताना माझ्या तोंडात व्हय यायचं. खिडकी लहान केली, याचंच मला जास्त वाईट वाटत राहिलं.

पाया खणायच्या आदल्या दिवशी आखणी झाली. गवंडी दोऱ्या ताणतो आणि दोरीच्या कडेनं चुन्याची पांढरी फक्की टाकत जातो. भिंती जिथं येणार तिथं रेघा, दारं जिथं येणार तिथं रेघ सोडलेली. उद्या स्वामी येऊन पूजा सांगणार आणि पहिली कुदळ पडणार. जे बदलायचं ते आजच, असं अप्पांनी सगळ्यांना बजावलं होतं. त्यामुळे रविवार सकाळ धरून आम्ही सगळेच गेलो. बरोबर कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. मामा मंद्रूपहून एसटीनं परस्पर आले. त्यांच्या काखेत रिकामी पोती होती.

उघड्या माळावर ते घर आम्ही पहिल्यांदा पाहिलं आणि कुणालाच ते बघवेना.

“इष्टेना?” अव्वा कानडीत म्हणाली. एवढंच का?

खरंच, टॉवेल वाळत घातल्यासारख्या खोल्या दिसत होत्या. वर आभाळ एवढं मोठं आणि खाली त्या चार रेघा. इंजिनिअर सांगत होता की उघड्यावर आखणी नेहमी लहान दिसते, भिंती चढल्या की मोठी दिसेल, सगळेच असं म्हणतात. पण त्याच्याकडं लक्ष द्यायला कुणी मोकळं नव्हतं. दादा ड्रॉइंगमध्ये जाऊन आडवा झाला. त्याचे पाय रेघेबाहेर आले असं त्याचं म्हणणं. त्यानं बुटानं रेघ पुसली आणि फक्कीची पाटी घेऊन नवी रेघ दोन पावलं पुढं मारली. अप्पांनी पूजेच्या खोलीत मांडी घालून बसून पाहिलं, शेजारी दादाला बसवून पाहिलं, आणि ती रेघही सरकली. अव्वा बुटक्या ओट्याच्या जागी बसली. तिनं हवेतच भाकरी थापली आणि कोपर कुठं लागतं ते बघितलं. मामांनी कोठीत पोती अंथरली, एकाला एक लावून, आणि शेवटचं पोतं राहिलं म्हणून तिकडची रेघ पलीकडं नेली. ज्याची रेघ सरकायची तो शेजारच्याची सरकवायचा. चुन्यानं सगळ्यांचे पाय पांढरे झाले. अप्पांना एवढं हसताना मी दुकानात कधी पाहिलं नव्हतं.

एवढ्यात मास्तर त्यांच्या अंगणातून म्हणाले, “शेठ, तुमचं न्हाणीघर आमच्या तुळशीपाशी आलंय बरं का.”

सगळे थांबले. खरोखरच आलं होतं. दादा हसता हसता खालीच बसला. गवंडी मुकाट्यानं खराटा घेऊन आला आणि रेघा झाडायला लागला. इंजिनिअरनं नकाशा उघडला, बंद केला, आणि प्रथमच जरा जोरात बोलला, “जागा आहे तेवढीच आहे. एक खोली वाढवायची तर दुसरी कमी होणार. काय कमी करायचं ते तुम्ही ठरवा. उद्या कुदळ पडली की मला विचारू नका.”

प्रत्येकजण आपापल्या खोलीत होता. अप्पा पूजेत, अव्वा चुलीच्या जागी बसलेली, दादा ड्रॉइंगच्या मध्यभागी कमरेवर हात ठेवून, मामा पोत्यांवर. रेघा नव्या पडत होत्या आणि त्या रेघांत ती चारही माणसं अशी दिसत होती, जणू भिंती वर आल्याच आहेत. मी बाभळीखाली डब्याशेजारी उभी होते. तिथून सगळं छान दिसत होतं. पाय दिसत होते, चेहरेही दिसत होते. मला वाटलं, मी नेहमी असते तशीच आहे, फक्त झरोका नाही.

“तिथं काय उन्हात उभी?” अप्पांनी हाक मारली. “आत ये की.”

मी निघाले. रेघ ओलांडून सरळ जाता आलं असतं, पण मी फिरून दारातून आत आले. बाहेरच्या खोलीतून, मधल्या बोळातून, जिन्यापर्यंत. तिथं थांबले. पुढं जायला जागा नव्हती. पुढच्या खोलीत मामा होते. माझ्या पायाशी जिन्याचा लांबट चौकोन आखलेला होता आणि त्यात कुणीच उभं नव्हतं. सकाळपासून कुणी त्याला हात लावला नव्हता, कुणी वाढवला नव्हता, कुणी मागितला नव्हता.

मी खाली वाकले, मामांच्या पायाजवळचं एक पोतं उचललं आणि त्या चौकोनात अंथरलं. ते नीट बसलं. मग दुसरं.

“काय गं, काय कराया लागलीस?” मामा म्हणाले.

मी तिसरं उचललं.

“मिशनच्या शाळेत हमाली पण शिकवतात वाटतं,” दादा म्हणाला.

इंजिनिअर जवळ आला. त्यानं नकाशा पाहिला, चौकोन पाहिला, हात वर करून जिन्याची उंची कुठवर येईल त्याचा अंदाज घेतला. “कणगी नाही बसणार इथं,” तो म्हणाला. “पण पत्र्याच्या कोठ्या करून घेतल्या तर बसतील. उंच भागात मोठ्या, उताराखाली लहान.”

“पत्र्यात?” मामांना ते सहन झालं नाही. “आवं, पत्र्यात ज्वारीला घाम सुटतोय. किडं पडत्याल.”

“पडत नाहीत,” अव्वा चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली. “करकंबच्या माझ्या नणंदेकडं पत्र्याच्याच हायत. उन्हात खडखडीत वाळवून भरायची, लिंबाचा पाला घालायचा. तिची ज्वारी तुझ्या ज्वारीपेक्षा जास्त टिकती.”

अव्वा तिच्या भावापुढं असं बोलताना मी ऐकलं नव्हतं. मामांनीही ऐकलं नसावं. त्यांनी टोपी काढली, डोकं पुसलं, पुन्हा घातली.

“आगं, पर कशापायी हा खटाटोप? हितं खोली हाय की चांगली. मोकळी. कुणाची हाय ती?”

हे त्यांनी कुणा एकाला विचारलं नव्हतं. पण सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात चौथं पोतं होतं. त्याला मंद्रूपच्या मातीचा वास होता. अप्पा पूजेच्या खोलीच्या रेघेपर्यंत आले आणि म्हणाले, “काय म्हणायचंय तुला? बोल की.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. मला ते तेव्हा फार विचित्र वाटलं, की इतके दिवस मी मनात टेबल हलवत होते आणि घरात कुणाला त्याचा आवाजही गेला नव्हता.

“काही नाही” हे शब्द तोंडात तयारच होते. ते नेहमीच तयार असायचे.

“हेळव्वा,” अव्वा म्हणाली. सांग की, बाई.

आधी वाक्य इंग्रजीत आलं, शाळेत शिकवलेलं, विनंतीचं, खूप लांब. ते मी गिळलं. इंग्रजीत मागितलं असतं तर दादानं थट्टा केली असती आणि मामांना काही कळलं नसतं. आणि मला मामांनाच सांगायचं होतं. मी पोतं चौकोनात ठेवलं, उभी राहिले. हाताला चुना लागला होता, तो पदराला पुसला. मामांच्या पायांकडं नाही, तोंडाकडं बघितलं.

“मामा,” मी म्हटलं, “ज्वारी जिन्याखाली ठेवू या. ही खोली मला पाहिजे. आणि लग्न झाल्यावरसुद्धा ती माझीच राहू द्या.”